मिचेल गेला कशानं?

‘द फर्स्ट ऑफ द फ्यू’ हा इंग्रजी चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेवटी माझे डोळे भरून आले होते, हे आधीच कबूल करून टाकतो. बागेत आरामखुर्चीत पडलेला, पार वाळून गेलेला ब्रिटिश विमानकार आर. जे. मिचेल. सरकारनं त्याचं स्पिटफायर हे लढाऊ विमान घेतल्याची बातमी येते आणि आता काही करायचं उरलं नाही अशा समाधानानं तो डोळे मिटतो. विल्यम वॉल्टनचं संगीत असं काही चढत जातं की दगडालाही पाझर फुटावा. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मधल्या काळात मिचेलविषयी बरंच वाचून झालं होतं. या खेपेला डोळे कोरडे राहिले आणि भात खाताना दाताखाली खडा यावा तसं झालं. हा माणूस कामानं मेला, असं चित्रपट सांगतो. तो कामानं मेला नव्हता.

चित्रपट १९४२चा. दिग्दर्शक लेस्ली हॉवर्ड, मिचेलच्या भूमिकेतही तोच. नावाचा उगम चर्चिलच्या ऑगस्ट १९४०च्या भाषणात, इतक्या थोड्यांचे इतक्या जणांवर उपकार वगैरे. त्या थोड्यांतला पहिला म्हणजे विमान उडवणाऱ्यांच्याही आधीचा, विमान बनवणारा. कल्पना सुरेख आहे. १९४०च्या एका धावपट्टीवर वैमानिक हुकुमाची वाट पाहत बसलेत, त्यात खरेखुरे लढाऊ वैमानिकही आहेत, आणि डेव्हिड निव्हननं रंगवलेला क्रिस्प नावाचा अधिकारी त्यांना मिचेलची गोष्ट सांगतो. क्रिस्प काल्पनिक. गोष्टीतला मिचेल समुद्रकाठी सीगल पक्षी न्याहाळतो, त्यांच्यासारखं विमान करायचं म्हणतो, समुद्री विमानांच्या शर्यती जिंकतो, मग जर्मनीत जातो. तिथं त्याला विमानकार मेसरश्मिट भेटतो, जर्मनांचा इरादा कळतो आणि तो घाबराघुबरा होऊन परत येतो. डॉक्टर सांगतो, काम सोड, विश्रांती घे, नाहीतर जगणार नाहीस. मिचेल काम निवडतो. विमान पुरं होतं, तो संपतो.

आता प्रत्यक्षात काय घडलं ते पाहू. मिचेलला मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, गुदाशयाचा कर्करोग होता. ऑगस्ट १९३३ मध्ये त्याच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि पुढचं सगळं आयुष्य तो पोटाला लावलेली पिशवी घेऊन जगला. तशा अवस्थेत १९३४ साली त्यानं विमान चालवण्याचा परवाना मिळवला. स्पिटफायरचा पहिला नमुना ५ मार्च १९३६ला साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टली विमानतळावरून उडाला. ३ जून १९३६ला सरकारनं ३१० विमानांची मागणी नोंदवली. मिचेल गेला ११ जून १९३७ला, वयाच्या ४२व्या वर्षी. म्हणजे मागणीची बातमी आणि मृत्यू यांच्यात वर्षाहून अधिक अंतर आहे. त्या वर्षात तो काय करत होता? एका बाँबर विमानाची आखणी. आणि मेसरश्मिटला तो भेटल्याचा कुठलाही पुरावा नाही.

तपशिलातली सूट मी चित्रपटाला मनापासून देतो. दोन तासांत माणसाचं आयुष्य बसवायचं तर वर्षं आवळावी लागतात, चार माणसांचा एक क्रिस्प करावा लागतो. मेसरश्मिटची भेट रचली तरी माझी तक्रार नाही. पण मृत्यूचं कारण बदलणं हा तपशील नव्हे. त्यानं गोष्टीचा अर्थच उलटा होतो. खरा मिचेल आजार असूनही काम करत राहिला. पडद्यावरचा मिचेल काम केल्यामुळे आजारी पडला. पहिल्यात जगण्याची जिद्द आहे. ज्याला आपले दिवस मोजके असल्याचं कळलंय तो आवडीचं काम करतो, विमान चालवायला शिकतो, चिडचिड करतो, पुन्हा टेबलाशी बसतो. दुसऱ्यात होमकुंड आहे. अभियंता समिधा म्हणून पडतो आणि ज्वाळेतून विमान निघतं.

हॉवर्डनं असं का केलं हे समजण्यासारखं आहे. १९४२ साली ‘कर्करोग’ हा शब्द इंग्रज घरांतही मोठ्यानं उच्चारत नसत. आपल्याकडे अजून कित्येक घरांत ‘त्या आजारानं गेले’ असंच म्हणतात. आणि कर्करोगातही आतड्याचा, पोटावरच्या पिशवीचा! नायकाला क्षय चालतो, हृदयविकार चालतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं तर फारच चालतात. पिशवी चालत नाही. तेव्हा अतिश्रम हे सभ्य कारण ठरलं. पण सभ्यपणासाठी निवडलेल्या या कारणातून एक शिकवण आपोआप तयार झाली आणि माझा वाद आहे तो तिच्याशी: देशासाठी काही मोठं करायचं तर कुणीतरी एकानं झिजून मरावं लागतं.

ही शिकवण मी जवळून पाहिली आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षं पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे बनवण्याच्या विभागात गेली. तिथं एक ज्येष्ठ डिझायनर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. जिग-फिक्श्चरची, म्हणजे काम करताना सुटा भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यांची, बहुतेक ड्रॉइंगं त्यांच्या हातची. मदतीला आणखी एक माणूस द्या, असं ते तीन वर्षं मागत होते. दरवर्षी पुढच्या वर्षी बघू. एक दिवस काका अचानक आजारी पडले आणि महिन्याभरात गेले. शोकसभेत आमचे मोठे साहेब म्हणाले, दवाखान्यात खाटेवरूनही त्यांनी ड्रॉइंगं तपासली, अशी माणसं आता होणे नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. दुसऱ्या आठवड्यापासून आमची जी धावपळ झाली ती विचारू नका. कुठल्या ड्रॉइंगची कुठली सुधारित आवृत्ती चालू आहे हे काकांच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. दोन महिने रिजेक्शनचा ढीग लागला. साहेबांनी काकांचा फोटो मात्र टूलरूममध्ये हार घालून लावला होता. हुतात्म्याचा फोटो एका जादा माणसाच्या पगारापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो, एवढं मला त्या दोन महिन्यांत कळलं.

मिचेल गेल्यावर त्याच्या सुपरमरीन कंपनीत असं झालं नाही. तिथं जो (जोसेफ) स्मिथ नावाचा त्याचा सहकारी होता, ड्रॉइंग ऑफिस होतं, वर्षानुवर्षं एकत्र काम केलेली माणसं होती. स्मिथनं ते विमान हातात घेतलं आणि पुढची दहा वर्षं वाढवत नेलं. सुरुवातीच्या स्पिटफायरचं इंजिन हजार अश्वशक्तीच्या थोडं वर होतं. शेवटच्या मालिकांत ते दोन हजारांच्या पुढे गेलं. मार्क १ पासून मार्क २४ पर्यंत आकडे चढत गेले, एकंदर वीस हजारांहून अधिक विमानं बनली. स्पिटफायर युद्धाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत उत्पादनात राहिलं ते यामुळे. निर्माता गेल्यावरही विमान वाढत राहिलं, ही मिचेलची सगळ्यात मोठी कमाई, आणि चित्रपटात तिला जागाच नाही, कारण तो गेल्यावर गोष्ट संपते.

मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते ती दुसऱ्याच एका विमानाची. टाइप २२४. हे मिचेलचं पहिलं लढाऊ विमान, १९३४च्या फेब्रुवारीत उडालेलं आणि सपशेल पडलेलं. पडलेलं म्हणजे कोसळलेलं नव्हे, नापास. हवाई मंत्रालयानं लढाऊ विमानासाठी अपेक्षा जाहीर केल्या होत्या, त्यांना उत्तर म्हणून ते बांधलं होतं. चाकं आत घेता येत नव्हती, पंख जाड होते. आणि त्यात बसवलेलं गॉशॉक इंजिन वाफेनं थंड करण्याची एक चमत्कारिक रचना होती; चढताना ते तापायचं आणि वैमानिकाला खाली यावं लागायचं. शर्यती जिंकणाऱ्या, जगाचा वेगाचा विक्रम मोडणाऱ्या माणसाचं हे विमान एका साध्या दुपंखी स्पर्धकापुढे हरलं. गंमत अशी की टाइप २२४चे पंख मुळाशी खाली वाकून पुन्हा वर जाणारे होते. विमानकारांच्या भाषेत त्या ठेवणीला उलटा सीगल पंख म्हणतात. म्हणजे ज्या विमानात सीगल खरोखरच उतरला होता ते नापास झालं. स्पिटफायरचा तो प्रसिद्ध लंबवर्तुळाकार पंख पक्षी बघून आलेला नाही. पंख पातळ हवा, पण मुळाशी चाकं आणि मधोमध बंदुका मावतील एवढा जाडही हवा, या ओढाताणीतून तो निघाला. त्यामागे बेव्हर्ली शेनस्टोन नावाच्या कॅनडाच्या वायुगतिशास्त्रज्ञाचं गणित होतं.

नापास झाल्यावर काय झालं, हा खरा चित्रपट आहे. मिचेलनं नवं रेखाटन मांडलं. कंपनीच्या व्यवस्थापनानं त्याला काम चालू ठेवायला सांगितलं. रोल्स-रॉइसचं नवं इंजिन, ज्याला पुढं मर्लिन हे नाव मिळालं, त्यात बसवायचं ठरलं. आणि हवाई मंत्रालयानं डिसेंबर १९३४ मध्ये नमुना बांधण्यासाठी १०,००० पौंड दिले. ज्याचं आधीचं विमान पडलं होतं त्यालाच! मग सरकारनं त्याच्या विमानाभोवती बेतलेला नवा अपेक्षापत्रक क्रमांक काढला. आपल्याकडे असं करणाऱ्या अधिकाऱ्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला असता. पडलेल्या माणसावर दुसऱ्यांदा पैसे लावायचं धाडस त्या मंत्रालयातल्या ज्या कुणी फायलीवर सही करून दाखवलं, त्याच्यावर चित्रपट कधीच निघणार नाही. फायलीवरच्या सहीला वॉल्टनचं संगीत शोभत नाही.

आणखी एक दृश्य सांगतो. त्याच वर्षीची गोष्ट. लढाऊ विमानात बंदुका किती असाव्यात यावर मंत्रालयात खल चालू होता. चार पुरे, असं पुष्कळांचं मत. फ्रेड हिल नावाचा मंत्रालयातला अधिकारी गणितं घरी घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसला. मदतीला त्याची मुलगी हेझल, वय १३. विमानं इतक्या वेगानं एकमेकांजवळून जाणार की नेम धरायला क्षणभरच मिळणार. तेवढ्या क्षणात किती गोळ्या लागल्या तर शत्रूचं विमान पडेल? आकडे जुळवत बापलेकीचा हिशेब आठ बंदुकांवर आला. तो हिशेब मंत्रालयात मांडला गेला आणि स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही लढाऊ विमानांच्या पंखांत आठ बंदुका बसल्या. आठवीतली मुलगी स्वयंपाकघराच्या टेबलावर युद्धाचं गणित करते, याहून चांगलं दृश्य कुठल्या पटकथाकाराला सुचलं असतं? हॉवर्डला ते ठाऊक असण्याची शक्यता नव्हती, हे मान्य.

विमान सुचणं एक आणि शेकड्यांनी बनवणं वेगळं. टूलरूममध्ये हात काळे केलेला माणूस म्हणून इथं थोडं रेंगाळतो. तो देखणा पंख बनवायला अतिशय कटकटीचा होता. दुहेरी वळणाचे पत्रे, आतली प्रत्येक रिब, म्हणजे फासळी, वेगळी. पहिल्या ३१० विमानांची मागणी इतकी रखडली की सरकार वैतागलं. बर्मिंगहॅमजवळ कॅसल ब्रॉमिच इथं मोटारसम्राट लॉर्ड नफिल्डच्या हाती प्रचंड कारखाना दिला. मोटारी बनवतो तर विमानं काय, असा त्याचा होरा होता. मे १९४० उजाडला तरी त्या कारखान्यातून एकही पुरं स्पिटफायर बाहेर पडलं नव्हतं. फ्रान्स कोसळत असताना! विमान उत्पादन खात्याचा मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुकनं नफिल्डला बाजूला सारलं आणि कारखाना सुपरमरीनची मालक असलेल्या व्हिकर्सच्या माणसांकडे सोपवला, तेव्हा कुठे जूनपासून विमानं यायला लागली. सप्टेंबरात जर्मनांनी साउदॅम्प्टनचा मूळ कारखाना बाँबनं उद्ध्वस्त केला, कामगार मेले, मिचेलच्या त्या बाँबरचे अर्धवट नमुनेही जळाले. त्यानंतर स्पिटफायर सॅलिसबरी, ट्रोब्रिज, रेडिंग अशा गावांतल्या मोटार गॅरेजांत, बस डेपोंत, धोबीखान्यांत तुकड्या-तुकड्यांनी बनलं. बनवणाऱ्यांत मोठ्या संख्येनं बायका आणि पोरी होत्या, ज्यांनी आदल्या वर्षी रिव्हेट पाहिलाही नव्हता. मर्लिनला एक खोड होती: विमानानं एकदम नाक खाली घातलं की कार्ब्युरेटरचं इंधन उसळायचं आणि इंजिन क्षणभर बंद पडायचं, जर्मन वैमानिक याचा फायदा घ्यायचे. १९४१ साली बिअ‍ॅट्रिस शिलिंग या अभियंता बाईनं भोक पाडलेली एक छोटीशी चकती इंधनाच्या नळीत बसवून ती बरीचशी आटोक्यात आणली. एक चकती! ती सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलच्या शर्यती जिंकायची, हे जाता जाता.

आता सिडनी कॅमकडे येऊ, कारण माझा सगळा मुद्दा या एका माणसात आहे. हरिकेन हे विमान त्याचं. १९४०च्या ब्रिटनच्या लढाईत स्पिटफायरपेक्षा हरिकेन संख्येनं जास्त होती आणि शत्रूची जास्त विमानं त्यांनीच पाडली. लाकूड, नळ्या, कापड अशा जुन्या पद्धतीनं बांधलेलं, चटकन बनणारं, चटकन दुरुस्त होणारं विमान. पण हरिकेनच्या निर्मात्यावर कुणी असा चित्रपट काढला नाही. कसा काढणार? कॅम मेला नाही ना वेळेवर! तो जगला, तापट म्हणून नाव कमावलं, पुढं हंटर हे जेट विमान केलं आणि १९६६ साली, सत्तरी ओलांडल्यावर, गोल्फच्या मैदानात गेला. त्याची हंटर विमानं आपल्या हवाई दलानं १९६५ आणि १९७१च्या युद्धांत वापरली. लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाडे टिपले ते हंटरनी. त्याच्या हाताखाली सुरू झालेल्या प्रयोगातून पुढं जागच्या जागी उठणारं हॅरियर निघालं, आणि सी हॅरियर गोव्यात दाबोळीवरून १९८३ पासून २०१६ पर्यंत उडत होतं. त्या काळात वास्कोला राहिलेल्या कुणालाही तो कान फाडणारा आवाज आठवेल. म्हणजे मिचेलपेक्षा कॅमच्या कामाशी आपला संबंध कितीतरी जवळचा. पण ‘कॅम’ म्हटल्यावर वाचकांतल्या किती जणांना काही आठवतं? निरोगी, म्हातारा, निवृत्तीला आलेला अभियंता ही आपल्याला गोष्टच वाटत नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो, युद्ध चालू होतं. खरंच आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, जूनमध्ये टोब्रुक पडलं, ऑगस्टमध्ये हा चित्रपट लंडनमध्ये लागला. घरोघरी मृत्यू येत असताना मृत्यूला अर्थ देणारी गोष्ट लोकांना हवी होती आणि हॉवर्डनं ती दिली. तो स्वतःही त्यातून सुटला नाही. १ जून १९४३ला लिस्बनहून परतताना त्याचं प्रवासी विमान बिस्केच्या उपसागरावर जर्मन लढाऊ विमानांनी पाडलं, विमानातले सगळे गेले. मिचेल ही त्याची पडद्यावरची शेवटची मोठी भूमिका ठरली. अशा माणसाच्या हेतूवर शंका घेणं मला जमणार नाही. बुडत्याला कुणी नदीचा इतिहास विचारत नाही.

फक्त त्याच ऑगस्टची दुसरी बाजूही ध्यानात असू द्यावी. चित्रपट लंडनमध्ये लागला त्याच महिन्यात मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि नेते तुरुंगात गेले. आणि त्याच वेळी इंग्लंडच्या आभाळात ‘बॉम्बे’ आणि ‘सिटी ऑफ बॉम्बे’ अशी नावं लावलेल्या, अनुक्रमे १२२ आणि १३२ क्रमांकाच्या तुकड्या स्पिटफायर उडवत होत्या. १२४ क्रमांकाची तुकडी ‘बडोदा’ होती. इथून गेलेल्या पैशांची ती पोच होती. बडोद्याच्या गायकवाडांची तिजोरी, मुंबईच्या देणग्या, हैदराबादच्या निजामाची रक्कम. एका स्पिटफायरची ठोकळ किंमत ५,००० पौंड धरली होती. ‘थोड्यां’च्या गोष्टीत हे ‘पुष्कळ’ कुठंच नाहीत. असायला हवे होते असंही मी म्हणत नाही. एका माणसाच्या गोष्टीत किती जण बाहेर राहतात, त्याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

१९४२च्या ब्रिटनला जे माफ, ते आजच्या आपल्याला माफ कसं? गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे शास्त्रज्ञांवर, अभियंत्यांवर, मोहिमांवर चित्रपट आणि मालिका धडाधड निघतायत. ही चांगलीच गोष्ट आहे. माझ्या लहानपणी पडद्यावरचा शास्त्रज्ञ म्हणजे पांढरे केस विस्कटलेला वेडा. पण साचा पाहा. एकटा नायक. त्याला अडवणारा खडूस बाबू. रात्रीचे दिवे. बायकोची नाराजी. मुलाचा विसरलेला वाढदिवस. शेवटी तिरंगा. सरकार चित्रपट करमुक्त करतं, शाळा मुलांना बसमधून दाखवायला नेतात. मुलं बाहेर पडतात ती काय घेऊन? मोठं काम म्हणजे घर, झोप, तब्येत यांची होळी. २०२३ साली एका बड्या उद्योजकानं तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, २०२५ च्या सुरुवातीला दुसऱ्या एका कंपनीप्रमुखानं ९० तासांची भाषा केली. ही भाषा आकाशातून पडत नाही. तिला आपल्या पडद्यावरच्या होमकुंडांनी जमीन तयार करून दिली आहे.

आपल्या मराठी मनाला तर एकट्या विमानकाराची ओढ जुनीच. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षं, ही गोष्ट प्रत्येक पिढीत नव्यानं फिरते. तळपदे खरे होते, धडपडे होते, यात शंका नाही. पण ते विमान कसलं, इंजिन कुठलं, किती वजन, त्याची हत्यारं-साचे कोणी बनवले, दुसऱ्यांदा का उडालं नाही, हे विचारलं की लोक दुखावतात. २०१५ साली मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्या विद्येचा आधार म्हणून जो ग्रंथ दाखवतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं. आपल्याला ऋषी हवा असतो, हुतात्मा हवा असतो. सुट्या भागांचा पुरवठादार कुणालाच नको असतो.

तो पुरवठादार आपल्याकडे होता, हे आणखी बोचतं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीनं बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. म्हणजे इंग्लंडमध्ये धोबीखान्यांत स्पिटफायर बनत होतं त्याच हिवाळ्यात. वालचंदांना विमानातलं काही कळत नव्हतं; कारखाना कळत होता. त्याच कंपनीत, सरकारी झाल्यावर, १९५६ साली कुर्ट टांक आला. फॉके-वुल्फ १९० हे विमान करणारा जर्मन, म्हणजे युद्धात स्पिटफायरला घाम फोडणारा. त्यानं आणि आपल्या अभियंत्यांनी मिळून एचएफ-२४ ‘मरुत’ केलं. आधी लाकडाचा पूर्ण मापाचा ग्लायडर बांधून डाकोटा विमानामागे ओढत उडवून पाहिला, मग जून १९६१ मध्ये खरं विमान उडालं. देखणं, बळकट, वैमानिकांचं लाडकं. ध्वनीच्या वेगापलीकडे जायचं होतं, गेलं नाही, कारण ज्या इंजिनासाठी ते आखलं होतं ते आलंच नाही. ऑर्फियस या जेट इंजिनाचं ते नवं रूप ब्रिटनमध्ये अर्धवट राहिलं, विकासाचा खर्च आपण उचलला नाही, आणि कमी ताकदीच्या ऑर्फियस ७०३ इंजिनांच्या जोडीवर मरुत उडत राहिलं. १४७ विमानं बनली, १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर चांगली लढली, आणि मग सगळा खटाटोप विसरला गेला. त्याचा चाचणी वैमानिक सुरंजन दास १० जानेवारी १९७० रोजी मरुतच्याच चाचणीत गेला.

टाइप २२४ इंजिनावर अडलं. मरुत इंजिनावर अडलं. १९८३ मध्ये मंजूर होऊन २००१ मध्ये उडालेलं तेजस आजही अमेरिकी इंजिनावर उडतं. आपलं कावेरी इंजिन त्याच्यात बसलंच नाही. सीगल बघून पंख सुचला असं एकवेळ मानू. इंजिन कुठल्या पक्ष्याकडे बघून सुचायचं? ते धातुशास्त्रातून येतं, भट्ट्यांतून, फाटलेल्या पात्यांतून, चाचणीच्या बाकावर जळालेल्या पंधराव्या-सोळाव्या नमुन्यातून येतं. त्यासाठी वीस-तीस वर्षं सलग पैसे, सलग माणसं आणि पडल्यावर पुन्हा फायलीवर सही करणारा कुणीतरी लागतो. यात हुतात्म्याला काही काम नाही. आणि जनता जर हुतात्म्याच्या गोष्टीवर वाढली असेल, तर ती तेजसला उशीर झाला की आधी ‘कामचुकार’ म्हणते, उडालं की ‘महामानव’ म्हणते, आणि दोन्ही वेळा अंदाजपत्रकातल्या इंजिनाच्या ओळीकडे तिचं लक्ष जात नाही. नाशिकजवळ ओझरला साठच्या दशकापासून मिग बनली, मग सुखोई. तिथून निवृत्त झालेली माणसं नाशिकच्या कॉलनी-कॉलनीत आहेत. त्यांना विचारा, विमानाचा कोणता भाग वेळेवर यायचा नाही. तासभर बोलतील, आणि एकाही वाक्यात रात्र जागून देश वाचवणारा कुणी येणार नाही. नट, बोल्ट, परवानगी, रशियन भाषेतली ड्रॉइंगं, वाट पाहणं.

मला मिचेलवरचा चित्रपट आजही पाहायचा आहे, पण वेगळा. त्यात टाइप २२४ अर्धा तास तरी असावं, तापून खाली उतरणाऱ्या इंजिनासकट. शस्त्रक्रिया असावी, पिशवी असावी, तिच्यापायी येणारा संकोच आणि हाताखालच्यांवर निघणारा राग असावा. हेझल हिल टेबलावर पेन्सिल चावत बसलेली असावी. ईस्टलीच्या धावपट्टीकडेला मिचेल त्याच्या मोटारीत बसून चाचणीची उड्डाणं बघायचा. ते दृश्य असावं, आणि विमान उतरल्यावर त्यानं आज वळताना काय थरथरलं एवढंच विचारावं. तो जून १९३७ मध्ये जातो. चित्रपट मात्र संपू नये. दुसऱ्या सकाळी ड्रॉइंग ऑफिस उघडावं, जो स्मिथनं कोट खुंटीला टांगावा आणि कुणीतरी येऊन त्याला विचारावं, पंखाच्या त्या पत्र्याचं काय करायचं?